माईक-फीडबॅक

भजन, गायन किंवा वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात माईकने टिपलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन बाहेर पडतो आणि त्याच माईकमध्ये पुन्हा शिरतो. या फेऱ्यातून उठणारी तीव्र शिट्टी किंवा घुमारा म्हणजे फीडबॅक. डॅनिश भौतिकीविज्ञ सोरेन आब्सालोन लार्सन (१८७१–१९५७) यांच्या नावावरून त्याला ‘लार्सन परिणाम’ असेही म्हणतात.

कारण : फेरा पूर्ण करून आलेला आवाज मूळ आवाजाइतका किंवा त्याहून जोरकस असला आणि दोन्हींच्या लहरी जुळल्या, की तो स्वर आपोआप वाढत जातो. गाणारा थांबला तरी शिट्टी थांबत नाही. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मी. जातो. माईक व स्पीकर यांत ३.४५ मी. अंतर असेल, तर शिट्टीचे संभाव्य स्वर एकमेकांपासून सुमारे १०० हर्ट्झवर पडतात. त्यांपैकी स्पीकर, माईक आणि जागा ज्याला सर्वाधिक उचलून धरतात तो आधी वाजतो. म्हणून माईक हातभर सरकवला की शिट्टीचा सूर बदलतो.

भजनाची बैठक : एका भागाचे उदाहरण घेऊ. सौंसर तालुक्यातील मोहगाव हवेली (जि. पांढुर्णा, मध्य प्रदेश. २०२३ पूर्वी जि. छिंदवाडा) हे अर्धनारीश्वर मंदिराचे गाव विदर्भाला लागून असलेल्या मराठी पट्ट्यात येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) घरोघरी पोचवलेले खंजिरी भजन ही या भागाची ओळखीची बैठक. तीत गायक, पेटी, तबला, खंजिरी, टाळ आणि झील धरणारे दाटीने बसतात. खंजिरी व टाळ मुळातच खणखणीत. ते गायकाच्या माईकमध्ये शिरले की शब्द बुडतात, शब्द वर काढण्यासाठी आवाज वाढवला जातो आणि शिट्टी सुटते. त्यामुळे खंजिरीवाला गायकाच्या माईकच्या पाठीकडे बसवणे हा पहिला उपाय. खंजिरीला वेगळा माईक बहुधा लागतच नाही.

प्रतिबंध : स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला आणि डोक्यांच्या वर ठेवावेत. गायकाने माईक तोंडाजवळ घ्यावा, २० सेंमी.चे अंतर १० सेंमी. केल्यास स्पीकरचा आवाज न वाढवता सुमारे ६ डेसिबल जास्त मिळतात. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली, की शिट्टीपूर्वीची मुभा सुमारे ३ डेसिबलने घटते. म्हणून वापरात नसलेला माईक बंद ठेवावा. कार्डिऑइड माईक थेट पाठीमागचा आवाज सर्वांत कमी घेतो, तेव्हा मॉनिटर (गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) त्याच्या बरोबर मागे, गायकासमोर ठेवावा. हायपरकार्डिऑइडचा बहिरा कोन सुमारे ११० अंशांवर असल्याने त्याचा मॉनिटर बाजूला सरकवावा. माईकची जाळी मुठीत झाकल्यास हा दिशाभेद बिघडतो आणि शिट्टी लवकर येते. गायकाच्या पाठीशी पत्रा किंवा कोरी भिंत असल्यास तेथून परतलेला आवाज माईकच्या तोंडातच जातो. तिथे जाड कनात लावावी.

इक्वलायझर : कार्यक्रमापूर्वी आवाज हळूहळू चढवून पहिली घुमणारी कंप्रता शोधावी आणि ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर तेवढीच पट्टी थोडी उतरवावी. अनेक पट्ट्या खोल कापल्या तर गळ्याचा पोत जातो. ध्वनिशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी सुचवलेली, संपूर्ण आवाज काही हर्ट्झने सरकवण्याची युक्ती भाषणाला चालते. पेटीच्या सुरात गाताना तो फरक कानाला खटकतो.

शिट्टी उठल्यास : माईकवर हात ठेवू नये वा तो स्पीकरकडे वळवू नये; त्याच माईकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घ्यावा. सगळाच आवाज बंद केला तर भजनाचा धागा तुटतो. मंडळ बसण्याआधी माईक, स्पीकर आणि वाद्ये यांच्या जागा ठरवल्यास शेवटच्या सतरंजीवर बसलेल्या श्रोत्यालाही अभंगाचा शब्द स्वच्छ मिळतो.