फरशीखालचा दोष

 पुण्यातल्या घरांची जमीन शहाबादी फरशीवरून मोझॅइकवर आणि तिथून व्हिट्रिफाइड टाइलवर आली. या प्रवासात कारागिराची नियत बिघडली, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. बदलली ती दोष लपण्याची जागा. शहाबादी वाकडी बसली की पायाला लागे, ढाळ चुकला की पाणी मोरीऐवजी दाराशी साचे; लादी उकरून पुन्हा बसवताही येई. मोझॅइक बसवल्यावर जागेवरच घासत, त्यामुळे बारीक उंचसखलपणा मशिनखाली निघून जाई. व्हिट्रिफाइड टाइल मात्र पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून नुसती सिमेंटची स्लरी तिला नीट धरत नाही. चार कोपऱ्यांत आणि मध्ये माल टाकून दाबली तरी वरून ती आरशासारखी दिसते. नाण्याने ठोकून पाहिले की पोकळ वाजते. आणि उचलायला जावे तर फुटते.

म्हणूनच काम संपल्यावर तपासणी करण्यात अर्थ उरलेला नाही. झाकले जाणारे काम झाकण्याआधी पाहायचे, मोजमाप वहीत नोंदवायचे आणि ठेकेदाराची अनामत दोषदायित्वाचा काळ सरेपर्यंत राखायची, ही सरकारी बांधकामांतली रीत. घरमालक नेमके उलटे करतो: आधी मोठी उचल देतो आणि सांधे भरून झाल्यावर खाली वाकून बघतो.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. 2016च्या रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दाखवलेला कारागिरीचा दोष 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो. पण ही जबाबदारी बिल्डरवर आहे, जुन्या फ्लॅटची फरशी बदलणाऱ्या ठेकेदारावर नाही. त्याच्याविरुद्ध 1872चा करार कायदा आणि ग्राहक आयोग आहेत. तिथे काय ठरले होते आणि काय झाले, हे दाखवावे लागते. पक्के बिल, लेखी अटी आणि काम चालू असतानाचे फोटो नसतील तर बाजू लंगडी पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पैसे अडवले की ठेकेदाराच्या आधी बिगाऱ्याची मजुरी अडते. यावर उपाय म्हणजे दर आठवड्याला जेवढे काम वाजवून पास होईल तेवढ्याचे पैसे लगेच चुकते करायचे आणि थोडीच रक्कम मागे ठेवायची. लेखी नोंद मिस्त्रीच्याही कामी येते. ‘चिकटवायचे केमिकल नको, सिमेंटवरच लाव’ असे मालकानेच सांगितले असेल, तर पुढे सुटलेल्या टाइलचे खापर मिस्त्रीच्या माथी फोडता येणार नाही.