साथी, वजनकाटा आणि साखर
नाशिकमधल्या साथींचा मागोवा घेताना मला धोक्याचे रूप पालटलेले दिसते. १९१८ साली पाऊस हुकला. अर्धपोटी मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाने १० लाखांहून अधिक माणसे नेली. २००९ च्या स्वाइन फ्लूत डॉक्टरांचे लक्ष लठ्ठपणाकडे गेले. २०२१ मध्ये नाशकात करोनातून उठलेल्या कित्येक मधुमेहींना काळ्या बुरशीने गाठले. वाढलेली साखर पांढऱ्या पेशींना दुबळे करते, त्यात स्टेरॉइडची भर.

पण आपल्याकडे वजनकाटा फसवा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे छापली: दोघांचा देहभारांक २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. म्हणून सडपातळ माणसानेही साथीची वाट न पाहता साखर तपासून घ्यावी.