एकास चोवीस : छोट्या मोटारींची मोठी मोजमापे

श्रोतेहो, आमच्या हिवरखेडच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या या काळ्या मुलखात, बऱ्या शेतकऱ्याच्या दारी पूर्वी दोन जातींच्या गाड्या असत. एक ओझ्याची बंडी. कापूस, कडबा, खत, जे टाकाल ते वाहणारी. दुसरी दमणी. हलकी, देखणी, बसायला दोनचार माणसे, आणि जुंपायला घरातली सर्वांत उमदी जोडी. दमणीत कोणी खत भरत नसे. ती सोयऱ्यांकडे जायची, लग्नाला जायची, जत्रेला जायची. आणि वाटेत दुसऱ्याची दमणी पुढे दिसली की धुरकऱ्याचा हात आपोआप कासऱ्यावर आवळायचा. एवढे ध्यानात घेतले म्हणजे इंग्रजांच्या 'स्पोर्ट्‌स कार' नावाच्या चिजेबद्दल मला फार काही समजावून सांगावे लागणार नाही. ती त्यांची दमणी.

आज बोलायचे आहे ते या मोटारींच्या वीतभर लांबीच्या हुबेहूब प्रतिकृतींविषयी. आता आपण म्हणाल, इतिहास शिकवणाऱ्या माणसाला खेळण्यांचे काय? माझ्या घरीही हाच प्रश्न विचारला जातो, विशेषतः जेवायच्या टेबलावर रंगाच्या बाटल्या मांडलेल्या असतात तेव्हा.

आधी मूळ मोटारींची थोडी हकीकत सांगतो. ऑक्सफर्डला मॉरिस गॅरेजेस नावाचा विक्रीचा आणि दुरुस्तीचा धंदा होता. त्याचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने साध्या मॉरिस गाडीवर हलका, चपळ साज चढवायला सुरुवात केली, आणि धंद्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'एम. जी.' जन्माला आली. १९२९ मध्ये हा कारखाना ॲबिंग्डन या लहानशा गावी गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडचा खजिना रिता झाला होता, डॉलर हवे होते. जो माल परदेशी पाठवील त्याला पोलाद आधी, असा शिरस्ता पडला. मग या दोन माणसांच्या गाड्या बोटीत भरभरून अमेरिकेला जाऊ लागल्या. १९४८ मध्ये जॅग्वारची 'एक्स-के १२०' आली. १९६१ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात 'ई-टाइप' आली. तिचा आकार माल्कम सेयर याने बेतला होता. हा मूळचा विमानाच्या कारखान्यातला माणूस, हे त्या गाडीच्या लांबट नाकाकडे पाहिले की पटते. १९६२ ला 'एम. जी. बी.' निघाली, १९८० पर्यंत तिच्या पाच लाखांवर गाड्या झाल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ॲबिंग्डनच्या कारखान्याला कुलूप लागले.

आपला याच्याशी संबंध अगदीच नव्हता असे मात्र नाही. १९६१ पासून दहाएक वर्षे मद्रासला 'स्टँडर्ड हेराल्ड' तयार होत होती. जुन्या माणसांना ती आठवत असेल. ती मूळची ट्रायम्फ हेराल्ड. आणि ट्रायम्फची 'स्पिटफायर' ही स्पोर्ट्‌स कार याच हेराल्डचा सांगाडा आखूड करून त्यावर उभी केलेली होती. म्हणजे कुणा डॉक्टरसाहेबांची गंभीर चेहऱ्याची हेराल्ड आपल्या रस्त्यावरून जात होती, तेव्हा एका उनाड गाडीची थोरली बहीणच जात होती.

आता लहान गाड्यांकडे वळू. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३३ मध्ये आपल्या खेळण्यातल्या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करण्यासाठी छोट्या मोटारी काढल्या. पुढच्याच वर्षी त्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले. त्या आगगाडीचे माप फुटाला ७ मिलिमीटर असे होते. एका फुटात सुमारे ३०५ मिलिमीटर. त्याला ७ ने भागा, साडेत्रेचाळीस येतात. जगभर मोटारींच्या संग्रहात आज जे 'एकास त्रेचाळीस' हे प्रमाण चालते, त्याचे मूळ असे रुळावर आहे. याच डिंकीचे काही जुने साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि त्यांतून 'निकी' नावाच्या गाड्या ओतल्या जाऊ लागल्या. त्यांत जॅग्वार ई-टाइपही होती.

दुसरी गोष्ट लेस्नी कंपनीच्या जॅक ओडेलची. त्याच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येई, म्हणून त्याने तेवढेसे खेळणे घडवून दिले, आणि १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' बाजारात आली. गोष्ट गोड आहे, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे निराळेच आहे. त्या काळात मॅचबॉक्समध्ये मोठी बस आणि छोटी मोटार जवळजवळ एकाच आकाराच्या होत, कारण दोघींना एकाच पेटीत बसायचे होते. पेटी ठरलेली, म्हणून माप बदलणार. खेळणे आणि प्रतिकृती यांच्यातली सीमारेषा मला इथेच दिसते. प्रतिकृतीत आकडा एकदा ठरला की तो चाकाला, काचेला, दाराच्या मुठीला, सगळ्यांना सारखाच लागू होतो.

शिक्षक मित्रहो, हा भाग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. 'एकास चोवीस' म्हणजे फुटाला अर्धा इंच. ई-टाइपच्या पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर ९६ इंच, म्हणजे ८ फूट. प्रतिकृतीत बरोबर ४ इंच. हे सोपे झाले. पण लांबी चोविसावा हिस्सा झाली तर वजन किती व्हावे? मुले चटकन् सांगतात, चोविसावा हिस्सा. तसे नसते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात, म्हणून २४ ला २४ ने दोनदा गुणा : १३,८२४. खरी गाडी बाराशे किलोच्या आसपास धरली, तर त्याच धातूंची, आतबाहेर सगळे त्याच मापाने घटवलेली प्रतिकृती सुमारे ८७ ग्रॅम भरेल. पाव किलोच्या निम्म्याहून कमी.

आणि इथेच कारागिराची अडचण सुरू होते. खऱ्या गाडीचा पत्रा १ मिलिमीटरच्या आसपास. त्याचा चोविसावा हिस्सा कागदाच्याही निम्म्याहून पातळ. तसा पत्रा हाताळता येत नाही, म्हणून तो जाड घ्यावा लागतो आणि दिसेल त्या कडेला घासून पातळ केल्याचा भास निर्माण करावा लागतो. रंगाचेही तसेच. गाडीचा मूळ रंग जसाच्या तसा लहान गाडीला दिला तर तो डोळ्याला गडद वाटतो. पुष्कळ कारागीर त्यात थेंबभर पांढरा मिसळतात. अचूकपणासाठी किंचित चूक करावी लागते, आणि ती किती करावी हे कोणतेही कोष्टक सांगत नाही.

सर्वांत अवघड काम चाकाचे. ई-टाइपच्या एका तारेच्या चाकाला ७२ तारा, म्हणजे चार चाकांना २८८. तार मुळात ४ मिलिमीटरची धरली तर तिचा चोविसावा हिस्सा म्हणजे जेमतेम दोन केसांची जाडी. प्लॅस्टिकच्या तयार संचातले चाक म्हणून ठोकळ दिसते. शौकीन लोक तेजाबाने कोरलेला पातळ पत्रा वापरतात. इंग्लंडात जेराल्ड विंग्रोव्ह नावाचा कारागीर एकास पंधरा या मापाने गाड्या घडवी. तो मूळ गाडीची मापे घेऊन धातूचा भाग न् भाग स्वतः करी आणि चाकाच्या तारा एकेक करून ओवी. ही विद्या त्याने झाकून ठेवली नाही. १९७८ मध्ये 'द कम्प्लीट कार मॉडेलर' या पुस्तकात सगळी कृती लिहून ठेवली.

पण मापे घ्यायची कोणत्या गाडीची? छायाचित्रावर विसंबता येत नाही. जवळचे चाक मोठे, लांबचे लहान दिसते. उभी असलेली जुनी गाडी मोजावी, तर पन्नास वर्षांत तिचे काय काय बदललेले! ई-टाइपच्या सुरुवातीच्या दिव्यांवर काचेचे झाकण होते, पुढे ते गेले. एम. जी. बी. ला १९७४ मध्ये चकचकीत पोलादी बंपरांच्या जागी काळे रबरी आले आणि गाडीची उंचीही थोडी वाढवली गेली. तेव्हा 'एम. जी. बी. ची प्रतिकृती' एवढे म्हणून भागत नाही, कोणत्या सालची ते सांगावे लागते. मी पहिली ई-टाइप जोडली तेव्हा दिवे एका सालचे आणि आतल्या बैठका दुसऱ्या सालच्या बसवल्या. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असा घोटाळा केला असता तर मी गुण कापले असते.

आपल्याकडे या कामाचे उत्तम ठिकाण पुण्यात आहे. कोथरूडला भाऊ जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय उघडले. तिथे एकास सत्त्याऐंशी या मापाचे आख्खे गाव आहे. गाड्या सुटतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. शाळेची सहल पुण्याला गेली तर शनिवारवाड्यातला अर्धा तास वाचवून इकडे जरूर या.

आता घरचे सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याचे वडील आले होते. ते वाढई, त्यांच्या तीन पिढ्या गाड्यांची चाके करण्यात गेल्या. माझी ई-टाइप त्यांनी हातात घेतली, चाक फिरवले, डोळ्याजवळ नेले.

"सर, इतले बारीक आरे कोनं मोजले असतीन?"

मी म्हटले, "ज्यांनी घडवलं, त्यांनी मोजले."

"मंग आपल्या दमनीचे कोनं मोजले?"

मला उत्तर देता आले नाही. मी वऱ्हाडाचा इतिहास शिकवतो. कापसाचे भाव सांगतो, १८५३ चा निजामाशी झालेला तह सांगतो. पण हा कापूस पिकवणारा माणूस ज्या गाडीत बसून लग्नाला गेला, तिची एकही मापे लिहिलेली वही माझ्याजवळ नव्हती. जवळच्या एका वाड्यात दमणी आहे असे कळले, म्हणून दुसऱ्या आठवड्यात गेलो. आठ दिवसांपूर्वीच तिचे लाकूड चुलीला गेले होते. धाव भंगारवाल्याने नेली होती.

दुसरी सापडली ती गावाबाहेरच्या गोठ्यात, भुशाखाली. आम्ही चौघे गेलो : वाढई, त्यांचा मुलगा, त्याचा एक मित्र आणि मी. आरे बारा निघाले. मुलाने फीत धरली; चाकाचा व्यास उभा भरला ४६ इंच, आडवा मोजला तर पाऊण इंच जास्त. वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहून चाक बसले होते. कोणता आकडा घ्यावा यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी वाढई म्हणाले, "दोन्ही लिवा, अन् आजची तारीख टाका."

तशी तारीख टाकली. जू मात्र मिळालेले नाही. ते धाकट्या भावाच्या वाटणीत दुसऱ्या गावी गेले आहे म्हणतात. येत्या रविवारी मुले फीत घेऊन तिकडे जाणार आहेत.