ज्युदोचा पट्टा आणि पोशाख : बांधणी, मापे आणि निगा

ज्युदोच्या पोशाखाला बटण, चेन किंवा हूक यांपैकी काहीही नसते. जाड सुती अंगरखा, नाडीची विजार आणि कमरेचा पट्टा एवढाच हा पोशाख. जपानी भाषेत त्याला ‘ज्युदोगी’ म्हणतात. अंगरखा अंगावर नीट राहण्याची सारी भिस्त पट्ट्याच्या एका गाठीवर असते. कुस्तीत मल्ल प्रतिस्पर्ध्याचे अंग धरतो, तर ज्युदोत मुख्यतः कपडा धरला जातो. एक हात बाहीवर आणि दुसरा गळ्याच्या जाड पट्टीवर, ही त्यातली मूळ पकड आहे. म्हणजे सरावाच्या वेळी आपला पोशाख जोडीदाराच्या हातात असतो. पट्टा कसा बांधावा, बाही किती लांब असावी आणि कपडा किती स्वच्छ असावा, याविषयीचे नियम त्यातूनच आलेले आहेत.

पोशाख आणि पट्टा कसे घडले

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ‘कोदोकान’ ही संस्था स्थापून ज्युदोची पायाभरणी केली. आरंभीच्या अंगरख्याच्या बाह्या आणि विजार आखूड असत. त्यामुळे कोपरे आणि गुडघे सोलवटत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन्हींची लांबी वाढून आजच्यासारखा पोशाख रूढ झाला.

शिष्यांची प्रगती दर्शवणारी ‘क्यू’ आणि ‘दान’ ही श्रेणीपद्धतीही कानो यांनीच ज्युदोत आणली. दान श्रेणी मिळवलेल्यांनी काळा पट्टा बांधण्याची प्रथा १८८० च्या दशकात सुरू झाली. सहाव्या ते आठव्या दानसाठी लाल-पांढरा आणि नवव्या-दहाव्या दानसाठी लाल पट्टा असतो. पिवळा, नारिंगी, हिरवा असे मधले रंग पुढे युरोपात रुजले. पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणारे मिकिनोसुके कावाइशी यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. कराटेने पट्टा आणि श्रेणी ज्युदोकडूनच घेतली. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोत आले आणि १९२४ मध्ये त्यांनी आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले.

पांढरा पट्टा वर्षानुवर्षे न धुता वापरल्याने मळून काळा झाला आणि त्यातून काळ्या पट्ट्याचा मान आला, ही कथा अनेक वर्गांत सांगितली जाते. ती खरी नाही. काळा पट्टा श्रेणीचे चिन्ह म्हणूनच आला. मात्र या कथेमुळे पट्टा धुऊ नये असा समज पसरला, आणि तो आरोग्याला घातक आहे.

अंगरखा घालण्याची रीत

प्रथम विजार घालावी. तिच्या पुढच्या बाजूस कापडी लूप असतो. नाडी त्यातून ओवून घट्ट बांधावी. त्यानंतर अंगरख्याची उजवी बाजू अंगालगत आणि डावी बाजू तिच्यावर घ्यावी. स्त्री असो वा पुरुष, रीत हीच. जपानमध्ये उजवी बाजू वर घेऊन वस्त्र नेसवले जाते ते मृतदेहाला. त्यामुळे नवख्या विद्यार्थ्याची ही चूक तेथील शिक्षक लगेच दुरुस्त करतात. मुली आणि स्त्रिया अंगरख्याच्या आत पांढरा टी-शर्ट घालतात.

पट्टा बांधण्याच्या पायऱ्या

१. पट्टा दुमडून त्याचा मध्य शोधावा आणि तो बेंबीच्या किंचित खाली अंगरख्यावर टेकवावा.

२. दोन्ही टोके पाठीमागे न्यावीत, तेथे हात बदलून एकमेकांवरून घ्यावीत आणि पुढे आणावीत. पट्ट्याला पीळ पडू देऊ नये. दुसरा वेढा पहिल्यावर नेमका बसला पाहिजे.

३. दोन्ही टोके समोर एकत्र धरून त्यांची लांबी सारखी करावी.

४. डावे टोक उजव्यावरून घेऊन, कमरेभोवतीच्या दोन्ही वेढ्यांच्या आतून खालून वर काढावे आणि ओढून घट्ट करावे. एकच वेढा पकडला गेला तर पट्टा लवकर सैल होतो.

५. वर निघालेले टोक आता उजवीकडे येते. ते खाली आणून दुसऱ्या टोकावरून डावीकडे न्यावे, त्याखालून वळवावे आणि मधल्या फटीतून ओवून घ्यावे. दोन्ही वेळा तेच टोक वर राहते, हे लक्षात ठेवावे.

६. दोन्ही टोके बाजूंना आडवी ओढून गाठ आवळावी.

ही निरगाठ आहे, सुरगाठ नव्हे. ती बरोबर बसली की चपटी दिसते आणि टोके डावी-उजवीकडे आडवी राहतात. एक टोक वर आणि एक खाली रोखलेले दिसले, तर पाचव्या पायरीत टोकांची अदलाबदल झाली असे समजावे. तशी गाठ झटापटीत सुटते. पट्टा इतपत घट्ट असावा की आत दोन बोटे जेमतेम सरकतील. गाठ नेहमी समोरच असावी. ज्युदोत पाठीवर पडण्याचा प्रसंग क्षणोक्षणी येतो आणि मागे सरकलेली गाठ मणक्याखाली येऊन इजा करू शकते.

सवयीने ही गाठ न पाहता बांधता येते. दृष्टिबाधित ज्युदोपटू ती स्पर्शानेच बांधतात. त्यांच्या लढतीत पंच दोघांनाही एकमेकांचा अंगरखा धरायला लावतात आणि मगच लढत सुरू होते. या प्रकारात मध्य प्रदेशातील सीहोरचे कपिल परमार यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. पॅरालिम्पिक ज्युदोतील ते भारताचे पहिले पदक होय.

मापे आणि न्याय

आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या नियमानुसार पट्टा ४ ते ५ सेंटिमीटर रुंद असावा, कमरेभोवती दोन वेढे घेऊन गाठीच्या दोन्ही बाजूंना २० ते ३० सेंटिमीटर टोक उरावे. पट्टा विकत घेताना अंगरख्यावरून कमरेचा घेर मोजावा, त्याची दुप्पट करावी आणि त्यात दोन्ही टोकांचे मिळून ४० ते ६० सेंटिमीटर व गाठीसाठी वीतभर लांबी मिळवावी.

बाही मनगटापर्यंत पोहोचली पाहिजे आणि पकड घेता येईल इतकी सैल असली पाहिजे. स्पर्धेपूर्वी ‘सोकुतेइकी’ नावाच्या मोजपट्टीने ती तपासतात. आखूड किंवा अंगाबरोबर बसणाऱ्या बाहीत प्रतिस्पर्ध्याची बोटे शिरत नाहीत. सैल पट्ट्यामुळे अंगरखा बाहेर निघतो आणि समोरच्याच्या हाती निव्वळ लोंबते कापड उरते. दोन्हींत प्रतिस्पर्ध्यावर अन्याय होतो. म्हणूनच मुद्दाम पोशाख विस्कटणे किंवा पंचाच्या परवानगीशिवाय पट्टा सोडून बांधणे यांसाठी ‘शिदो’ ही शिक्षा आहे. तीन शिदो झाले की खेळाडू लढत गमावतो.

कराटेच्या जागतिक महासंघाचे नियम थोडे वेगळे आहेत. तेथे स्पर्धेत श्रेणीचा पट्टा न बांधता एक खेळाडू लाल आणि दुसरा निळा पट्टा बांधतो. बाह्या व विजार दुमडून वर करण्यास मनाई आहे. तायक्वांदोचा अंगरखा बहुधा डोक्यातून घालण्याचा असल्याने तो पुढून उघडत नाही. ज्युदोत प्रतिस्पर्धी ओळखता यावेत म्हणून निळा पोशाख आला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे विजेते अँटोन गेसिंक यांनी १९८६ मध्ये सुचवलेला हा बदल महासंघाने १९९७ मध्ये मान्य केला.

धुणे आणि वाळवणे

पोशाख प्रत्येक सरावानंतर धुवावा. आठवड्यात तीन दिवस सराव असेल, तर दोन जोड असणे सोयीचे. ज्युदोचा अंगरखा तांदळाच्या दाण्यासारख्या जाड विणीचा असतो. तो पाणी भरपूर शोषतो आणि सावकाश वाळतो. घरी पोहोचताच तो पिशवीतून काढून मोकळ्या हवेत टांगावा. घामाने भिजलेला कपडा रात्रभर पिशवीत राहिला, की वास आणि बुरशी दोन्ही धरतात.

धुताना थंड पाणी वापरावे, कारण गरम पाण्याने सुती कापड आटते. नवा अंगरखा पहिल्या काही धुण्यांत आटणारच, हे धरून माप निवडावे. ब्लीच टाळावे, त्याने धागा कमजोर होतो आणि ओढाताणीत कापड फाटते. रक्ताचा डाग लगेच थंड पाण्यात चोळावा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. रंगीत पट्टा पांढऱ्या कपड्यांबरोबर भिजवू नये.

वाळत घालताना बाह्यांतून काठी घालून अंगरखा पसरावा, म्हणजे काखेपर्यंत वारा जातो. लोखंडी तारेवर टाकू नये; गंजाचे डाग जात नाहीत. निळा अंगरखा आणि रंगीत पट्टा सावलीत वाळवावा. कोकण-गोव्यातील पावसाळ्यात हा कपडा दोन दिवसही ओला राहू शकतो. त्या दिवसांत वॉशिंग मशीनमध्ये जास्त पिळून तो पंख्याखाली टांगावा आणि गळ्याची पट्टी हाताने दाबून पाहावी, कारण ओल तेथे सर्वांत शेवटी राहते.

त्वचेचे आरोग्य

स्पर्धेच्या नियमांतही पोशाख स्वच्छ, कोरडा आणि दुर्गंधीरहित असावा, असे म्हटले आहे. नायटा म्हणजेच गजकर्ण हा बुरशीजन्य आजार त्वचेच्या स्पर्शाने आणि दूषित कपड्यांतून पसरतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जपानमधील ज्युदोपटूंत ‘ट्रायकोफायटन टॉन्सुरन्स’ या बुरशीची साथ पसरली होती. ती टाळूवरही येते आणि लक्षणे नसताना दुसऱ्याला लागू शकते.

अंगावर खाजणारा, कडेने लालसर असा गोल चट्टा दिसला तर सराव थांबवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. दुकानातून स्वतःहून आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि पुढे उपचार अवघड होतात. स्पर्धा जवळ आली की मुले चट्टा लपवतात. अशा वेळी पालकांनी आणि प्रशिक्षकांनी सराव चुकल्याबद्दल मुलाला बोल लावू नयेत; लपवलेला एक चट्टा सगळ्या वर्गाला महिनाभर घरी बसवू शकतो. नखे कापलेली, पाय धुतलेले आणि मॅटबाहेर पायांत चपला, या तीन सवयी त्यासाठीच आहेत.

घडी

वाळलेला अंगरखा सपाट पसरून डावी बाजू उजवीवर घ्यावी. विजार लांबीत दुमडून त्याच्या मधोमध ठेवावी, बाह्या आत घ्याव्यात, दोन्ही कडा मध्याकडे दुमडाव्यात आणि खालून वर तीन घड्या घालाव्यात. या गठ्ठ्याला पट्ट्याचे दोन वेढे देऊन तीच निरगाठ मारावी. लहान मुलांना गाठ शिकवण्यासाठीही हा गठ्ठा चांगला, कारण गाठ समोर असते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. तेथे ती जमली, की कमरेवरही जमते.