चायक चरतोक?

दिवाळीत परभणीला गेले होते. भाच्याच्या वहीच्या मागच्या पानावर वेलबुट्टीसारखं काहीतरी दिसलं. विचारलं तर म्हणतो, "आत्या, ही एल्फ लोकांची लिपी. तेंग्वार. तुला नाही कळायची!"

एल्फ म्हणजे टॉल्किनच्या कादंबऱ्यांतले दीर्घायुषी वनवासी. ऑक्सफर्डच्या या प्राध्यापकानं त्यांच्यासाठी फिनिशच्या वळणावर क्वेन्या आणि वेल्शच्या वळणावर सिंडारिन अशा भाषा रचल्या. भाषा आधी आल्या, गोष्टी मागाहून, असं तो स्वतःच सांगायचा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये आलं, पण भाषांचा उद्योग त्याच्या कितीतरी आधीपासूनचा.

भाच्याला म्हटलं, अरे, इतक्या लांब कशाला जातोस? आपल्या मराठीतही अशा लिप्या झाल्या आहेत.

महानुभाव पंथाच्या पोथ्या ऐकून माहीत असतील. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गोळा केल्या, तेच 'लीळाचरित्र'. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. पुढे चौदाव्या शतकात पंथात सांकेतिक लिप्या आल्या. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, वज्र... नावं एकाहून एक सुंदर! सकळ लिपीचं श्रेय रवळोबासांना देतात. भाषा मराठीच, फक्त एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं. किल्ली ठाऊक असेल त्याला सरळ वाचता येतं, बाकीच्यांना नुसती अक्षरांची गर्दी. पवित्र वचनं भलत्याच्या हाती पडू नयेत, हा हेतू.

पोथ्या सुरक्षित राहिल्या खऱ्या. पण बाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतला हा ठेवा शतकानुशतकं वाचता आला नाही. १९१०च्या सुमारास इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. वि. भि. कोलत्यांनी संपादलेलं लीळाचरित्र १९७८ साली साहित्य संस्कृती मंडळानं छापलं.

यातली मला चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य. केशवराजसूरी संस्कृतात लिहू पाहत होते, तर आचार्यांनी त्यांना थांबवलं. का? तर त्यानं आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील! ज्या पंथानं म्हाताऱ्यांसाठी मराठी धरली, त्याच पंथात पुढे मराठीला कुलूप लागलं. दोष देत नाही. जिवापाड जपायचं म्हटलं की माणूस कुलूपच शोधतो.

आणि आम्ही तरी काय केलं?

लहानपणी गंगाखेडला आम्ही भावंडं आजीसमोर च-ची भाषा बोलायचो. काय करतो म्हणजे 'चायक चरतोक'. ती बिचारी हसायची. आजीला जनाबाईचे अभंग तोंडपाठ, पण अक्षरओळख नाही. तिच्या लेखी अख्खी बाराखडीच सकळ लिपी होती. मुंबईच्या काकाचं पत्र आलं की मी वाचून दाखवायचे. एकदा त्यात त्याची नोकरी गेल्याचं होतं. मोठ्यांनी डोळ्यांनी खुणावलं, मी तेवढ्या दोन ओळी गाळल्या. आजीनं पत्र घडी करून नेहमीसारखं देव्हाऱ्यात ठेवलं. पुढे कित्येक महिने त्या दोन ओळी तिच्याच देव्हाऱ्यात होत्या, आणि तिलाच ठाऊक नव्हत्या.

आज ती नाही. असो.

भाच्याला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, लिपी कर, खुशाल कर, पण किल्ली कुणाजवळ तरी ठेव. निघताना त्यानं एक चिठ्ठी हातात दिली. एका बाजूला तेंग्वार, दुसऱ्या बाजूला त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात अख्खी बाराखडी लावून दिलेली.

रेल्वेत बसून वाचली. दोनच शब्द होते: "आत्या, लवकर ये" असं लिहायचं होतं त्याला, पण "लवकर" राहून गेलं होतं.