दोन काचांमधली हवा

थर्मासमधला चहा तासन् तास गरम का राहतो, हे आपण वर्गात शिकवतो. वहन, अभिसरण आणि प्रारण या उष्णतेच्या तिन्ही वाटा तेथे अडवलेल्या असतात. खिडकीच्या काचेत याच वाटा अडवायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेट्सन यांनी १८६५ साली दोन काचा कडेने जोडून मधे हवा कोंडण्याचे पेटंट घेतले. स्थिर हवेची उष्णतावाहकता काचेच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शाइतकीच असते. कल्पना सोपी, पण अडचण होती ती कडांची. कड हवाबंद राहिली नाही, तर बाष्प आत शिरते, थंडीत काचेवर दव धरते आणि ते पुसायला हात पोचत नाही. टिकाऊ सांध्याच्या दुहेरी काचा १९३० नंतरच अमेरिकेत तयार होऊ लागल्या.

एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून, तापमानातील एका अंश सेल्सिअस फरकाला, सुमारे ५.८ वॅट उष्णता जाते. दुहेरी काचेतून सुमारे २.८ वॅट. मग फट आणखी रुंद का करू नये? कारण साधारण १५ मिलिमीटरपलीकडे आतली हवाच फिरू लागते आणि अभिसरणाने उष्णता वाहून नेते.

तरीही तिसरी वाट उघडीच होती. फटीतून जाणाऱ्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक उष्णता प्रारणाने जाते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर कॅलिफोर्नियातील बर्कली येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत स्टीफन सेल्कोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाकडे लक्ष वळवले. उपाय थर्मासमधलाच होता: चांदी. मात्र थर इतका पातळ, काही नॅनोमीटरचा, की प्रकाश आरपार जावा आणि उष्ण वस्तूंचे अवरक्त प्रारण परतावे. साध्या काचेची उत्सर्जकता ०.८४ असते, अशा लेपाने ती ०.१ च्याही खाली येते. १९८१ साली असा लेप दिलेला पारदर्शक पडदा दोन काचांमध्ये ताणून बसवलेल्या खिडक्या बाजारात आल्या.

येथे हवामानाचा प्रश्न येतो. थंड देशात ऊन आत यावे आणि खोलीची ऊब बाहेर जाऊ नये, असा लेप हवा. आपल्याकडे उन्हातील अवरक्त भागच बाहेर थोपवायचा असतो. सूर्याच्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी त्या भागात असते. थंड देशासाठीची काच येथे जशीच्या तशी बसवली, तर खोली तापते आणि विजेचे बिल वाढते. म्हणूनच भारताच्या २००७ च्या ऊर्जासंवर्धन इमारत संहितेने देशाचे पाच हवामान विभाग मानले आणि काचेतून आत येणाऱ्या सौर उष्णतेलाही मर्यादा घातली.

काच निवडताना पहिला प्रश्न म्हणूनच हा: आपल्याला उष्णता नेमकी कोणत्या बाजूला अडवायची आहे?