आचेच्या कबरी काय सांगतात

२००४ च्या त्सुनामीनंतर एक फोटो जगभरच्या मुसलमानांच्या घरांत पोहोचला. इंडोनेशियातील आचे प्रांतातले लांपुक गाव, चहूकडे सपाट झालेली जमीन आणि मधोमध उभी असलेली मशीद. आपल्याकडेही तो फोटो दाखवून बयाने झाली. एका बयानाला मीही बसलो होतो. लोकांची पापे वाढली म्हणून समुद्र चालून आला आणि अल्लाहने आपले घर तेवढे राखले, असा त्याचा सूर होता. मला ते तेव्हाही पटले नाही. लांपुकमध्ये जे वाहून गेले ते त्याच मशिदीत नमाज पढणारे लोक होते. आचेला 'मक्केची ओसरी' म्हणतात, कारण त्या मुलखातले हाजी पूर्वी तिथूनच जहाजात बसत. अशा ठिकाणच्या दीड लाखाहून अधिक मयतांना गुन्हेगार ठरवायला आपण कोण?

मशिदी टिकल्या त्याचे कारण बांधकामात आहे. जाड खांब आणि खाली मोकळी जागा; पाणी आरपार गेले. ज्या मशिदी पडल्या त्यांचे फोटो कोणी फिरवले नाहीत.

मला त्या फोटोपेक्षा जास्त बोलके वाटतात ते आचेच्या किनाऱ्यावरचे कबरीचे दगड. पण आधी भूकंपाविषयी थोडे सांगावे लागेल. सुमात्राच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाशी एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली सरकतो. याला सबडक्शन झोन म्हणतात. हे सरकणे वर्षाला काही सेंटीमीटरचे असते, पण दोन्ही पट्ट एकमेकांत अडकून बसतात आणि वरचा पट्ट धनुष्यासारखा वाकत जातो. शेकडो वर्षांचा ताण एका दिवशी सुटतो. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमारे १३०० किलोमीटर लांबीची भेग अवघ्या दहाएक मिनिटांत फाटत गेली, थेट आपल्या अंदमानपर्यंत. तीव्रता ९.१. समुद्राचा तळ उचलला गेला आणि वरचे पाणी ढकलले गेले.

इथे शास्त्रज्ञांचाही अंदाज चुकला होता, हे नमूद केले पाहिजे. १९८० साली रफ आणि कानामोरी यांनी मांडले होते की खाली जाणारा पट्ट जितका तरुण आणि वेगवान, तितके तिथले भूकंप मोठे. सुमात्रा-अंदमानचा हा भाग त्या हिशोबात अतिप्रचंड भूकंपाच्या यादीत बसत नव्हता. लेखी इतिहासातही तिथे एवढ्या मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती. म्हणून २००४ नंतर संशोधकांनी कागद सोडून इतर साक्षीदार शोधायला सुरुवात केली.

पहिला साक्षीदार प्रवाळ. प्रवाळ ओहोटीच्या पातळीपर्यंतच वाढतो. भूकंपाने जमीन वर उचलली की त्याचा माथा उघडा पडून मरतो, आणि तो कधी मेला हे युरेनियम-थोरियम पद्धतीने काढता येते. सिमेउलुए बेटावरच्या प्रवाळांनी दोन काळ सांगितले: १३९४ आणि १४५० च्या सुमारास. आचेच्या किनाऱ्यावरच्या एका गुहेत त्याहून जुना हिशोब सापडला. वटवाघळांच्या विष्ठेच्या काळ्या थरांमध्ये समुद्राने आणून टाकलेली वाळू होती, सुमारे ७४०० ते २९०० वर्षांपूर्वीच्या किमान अकरा त्सुनामींची. त्यांत ठरावीक अंतर नाही. कधी दोन हजार वर्षे शांतता, तर कधी शंभर वर्षांत अनेक लाटा.

आता कबरींकडे येतो. पॅट्रिक डेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांदा आचेजवळचा ४० किलोमीटर किनारा पायी पिंजून काढला आणि पाच हजारांहून अधिक मुस्लिम कबरींचे दगड नोंदवले. सोबत मातीच्या आणि चिनी भांड्यांचे हजारो तुकडे गोळा केले. दगडांच्या घडणीवरून आणि भांड्यांच्या काळावरून कोणत्या गावात कधी माणसे राहत होती हे कळले. सखल किनाऱ्यावरच्या नऊ वस्त्या १३९४ च्या सुमारास उद्ध्वस्त झालेल्या आढळल्या. उंच कड्यावर वसलेले लामरी हे व्यापारी बंदर तेवढे वाचले. १३४५ च्या सुमारास इब्न बतूता याच बेटावर समुद्र-पासईच्या सुलतानाचा पाहुणा होता. त्यानंतर साधारण पन्नास वर्षांनी ही लाट आली. पंधराव्या शतकात चिनी आरमाराबरोबर आलेला मा हुआन, जो स्वतः मुसलमान होता, लामरीत हजारावर कुटुंबे असून ती सगळी मुसलमान असल्याचे लिहितो.

पुढची गोष्ट मला अस्वस्थ करते. सोळाव्या शतकापर्यंत उंचावरचे लामरी ओस पडले आणि १३९४ च्या लाटेने धुतलेल्या त्याच सखल जमिनीवर आचेची सल्तनत उभी राहिली. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का घेतल्यावर मुसलमान व्यापारी इकडे वळले, मिरी तांबड्या समुद्राकडे जाऊ लागली, बंदर भरभराटीला आले. व्यापाराला नदीचे मुख हवे असते, कडा नको असतो. मेलेल्यांची आठवण सांगणाऱ्यांच्या पिढ्याही तोवर संपल्या होत्या. ती राजधानी म्हणजेच २००४ मध्ये वाहून गेलेले बांदा आचे.

सिमेउलुएचे लोक मात्र विसरले नाहीत. १९०७ ची लाट त्यांनी 'स्मोंग' या शब्दात आणि लहान मुलांना म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांत ठेवली होती: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की डोंगरावर पळा. २००४ मध्ये भूकंपाचे केंद्र त्यांच्या अगदी जवळ होते. बेटाची वस्ती पाऊण लाखाच्या वर, मृत्यू सात.

असाच एक सबडक्शन झोन अरबी समुद्राच्या उत्तरेला, मकरानच्या किनाऱ्याजवळ आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा सकाळी मुंबईपर्यंत आल्या, माणसे वाहून गेली. आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही मोहल्ल्यात त्या सकाळची गोष्ट माझ्या कानी आलेली नाही. तुमच्या घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांनी ती सांगितली असेल तर मला जरूर कळवा.